पाठमोरा

सरोवरावर त्याला सगळे पाठमोरा म्हणत. हे नाव ठेवलं होतं त्याच्या मेहुण्याने, आणि त्याचा राग यायचं कारणही तेच होतं. होडीत बसलेल्या लोकांना वल्हवणाऱ्याचं तोंड दिसतं. तो त्यांच्याकडे बघत वल्ही ओढतो आणि होडी त्याच्या पाठीच्या दिशेने जाते. त्याची पाठ होडीत एकालाच दिसते, पुढच्या टोकाला उभं राहून माहिती सांगणाऱ्याला. तिथे मेहुणा उभा असायचा. म्हणजे ज्या एकाला पाठ दिसत होती त्याने नाव ठेवलं, आणि ज्या सगळ्यांना तोंड दिसत होतं त्यांनीही तेच उचललं. यावर पाठमोऱ्याने पुष्कळ विचार केला होता. विचार करायला त्याच्याकडे वेळ होता, कारण होडीत बोलायचं काम त्याच्याकडे नव्हतं.

सरोवर डोंगराच्या माथ्यावर होतं. कधी काळी तिथे ज्वालामुखी होता. तो फुटला, डोंगराचं डोकं उडालं, आणि उरलेल्या कढईत पाणी साठलं. भोवती काळा कडा, खाली हिरवंगार पाणी, काठाला वाफाळते झरे. लोक लांबून यायचे. कुणी दोर बांधून कडा चढायचे, कुणी तारेला लटकून या काठावरून त्या काठावर किंचाळत जायचे, गुडघ्यांनी संप केलेले लोक झऱ्यात पाय सोडून बसायचे. पण होडीत सगळेच बसायचे.

सुरुवातीला माहितीही तोच सांगायचा. ती अशी: "हे सरोवर. तो डोंगर. खोल आहे, हात बाहेर काढू नका." मग फेरी संपेपर्यंत वल्ह्यांचा आवाज. एकदा एका बाईंनी उतरताना कचेरीत तक्रार केली की नावाड्याचं आमच्याशी काही भांडण आहे का. त्याच सुमारास मेहुण्याचं बॅटरीचं दुकान बुडालं होतं. बायको म्हणाली, "अहो, आमच्या धाकट्याला घ्या ना सोबत. त्याला बोलायला तरी येतं." त्या 'तरी'मध्ये नवऱ्याबद्दल काही म्हटलेलं आहे का, हे तिने कधी सांगितलं नाही. पाठमोऱ्याने मेहुण्याला घेतलं. स्वतः हाताला धरून होडीत आणलं. पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नव्हता, आणि हे तर आणखीच वाईट.

मेहुण्याला लोक माईक म्हणायला लागले. त्याच्या घशात काय बसवलं होतं कोण जाणे, पलीकडच्या काठावरही ऐकू जायचं. कड्यातल्या एका सुळक्याला त्याने 'रुसलेल्या आत्याबाई' असं नाव दिलं, दुसऱ्याला 'उठा आता साहेब'. ज्वालामुखीची गोष्ट तो अशी सांगायचा की शेजारच्या घरातलं भांडण सांगतोय असं वाटावं. डोंगर आतल्या आत कसा धुमसत होता, किती वर्षं गप्प बसला, आणि एके दिवशी कुणी काय बोललं म्हणून फुटला. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायचे. पाठमोरा समोर बसून त्यांची तोंडं बघायचा. एकही नजर त्याच्यावर नसायची. सगळ्या नजरा त्याच्या खांद्यावरून मागे. खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाला गज दिसत नाहीत, तसं त्याचं झालं होतं.

काठाला लागलं की सगळ्यांना माईकसोबत फोटो हवा असायचा. आणि फोटो काढायला मोबाईल कुणाच्या हातात द्यायचे? पाठमोऱ्याच्या. तो मन लावून काढायचा. आत्याबाई यायच्या, पाणी यायचं, माणसं पायांच्या बोटांपर्यंत यायची. माईकचं डोकं तेवढं यायचं नाही. कितीतरी घरांत असे फोटो असतील, हसरं कुटुंब आणि मधोमध एक मान. एवढं सुख त्याने स्वतःला दिलं होतं.

घरी तरी सुटका असावी, तर तीही नव्हती. त्याची मुलगी स्वयंपाकघरात डाव तोंडाशी धरून मामाची नक्कल करायची, थेट आत्याबाईंपासून. एकदा पाहुण्यांनी विचारलं, आता बाबा करून दाखव. ती स्टुलावर उलटी बसली आणि तोंड मिटून हात पुढे-मागे ओढत राहिली. सगळे हसले. पाठमोराही हसला. मग पाणी प्यायला म्हणून उठला आणि बराच वेळ पाणीच पीत राहिला.

पण या सगळ्याहून त्याला खरं झोंबायचं ते उकळीपाशी.

सरोवराच्या मधोमध एक जागा होती, तिला उकळी म्हणत. तळातून वायू वर यायचा, पाणी खदखदायचं, नासक्या अंड्यासारखा वास सुटायचा आणि होडी अंगात कापरं भरल्यासारखी थरथरायची. धोका काही नव्हता, पण नवखी माणसं होडीची कड धरायची. तिथे पोचलं की माईक अचानक गप्प व्हायचा. आणि नेमक्या त्या वेळी, फेरीतल्या फक्त त्या जागी, सगळ्या नजरा खांद्यावरून खाली उतरून पाठमोऱ्यावर यायच्या. त्याच्या मानेवर, गळ्याशी कुठेतरी. आणि लोक ओठ दाबून हसायचे. मुलं तर बोट दाखवायची आणि आया त्यांचा हात खाली करायच्या.

मागे काहीतरी चालायचं. काय, ते त्याला ठाऊक नव्हतं, पण त्याचा अंदाज पक्का होता. मेहुणा आपली नक्कल करतो. मुलीनेही ती त्याच्याकडूनच उचलली असणार. दोन-तीनदा त्याने झटकन वळून पाहिलं. पण दोन्ही हातांत वल्ही असताना माणूस झटकन वळत नाही. तोवर मेहुणा आकाशातले ढग बघत असायचा. विचारायचं तर कसं? विचारलं म्हणजे लागलं हे कबूल केल्यासारखं. बायकोकडे एकदा विषय काढला, तर ती त्याचं लाइफ जॅकेट शिवत बसली होती. त्या जॅकेटच्या मानेमागचा पट्टा, जो खुंटीला अडकवायला असतो, तो सारखा उसवायचा. पाठमोरा शेडमधल्या खुंटीला शिव्या द्यायचा. बायको मुकाट्याने पुन्हा शिवून द्यायची. "त्यालाच विचारा की," असं म्हणून तिने दाताने दोरा तोडला आणि विषयही तिथेच तोडला.

अशात कचेरीत नवीन मॅडम आल्या. वयाने लहान, बुटांना कायम चिखल, आणि सगळ्या गोष्टी स्वतः करून बघायची सवय. त्यांनी सांगितलं की इंजिनाची बोट येणार. एकच माणूस मागे बसून सुकाणू धरेल आणि तोच कर्ण्यातून माहिती सांगेल. चालवायला आठवड्याभरात शिकवता येतं. बोलणं आणि पाणी दोन्ही कुणाला सांभाळता येतं ते बघून आपण माणूस ठरवू. तुम्हा दोघांपैकी एक.

पाठमोऱ्याला पहिलं काय सुचलं असेल, तर इंजिनाच्या बोटीत चालवणारा समोर तोंड करून बसतो. आणि पुढच्या टोकाला कुणी उभं राहत नाही.

त्या दिवसापासून तो सराव करायला लागला. मेहुण्याचं भाषण त्याला स्वल्पविरामासकट पाठ होतं. होड्यांच्या शेडमध्ये खुंट्यांवर केशरी जॅकेटं ओळीने टांगलेली असायची. त्यांनाच प्रवासी समजून तो बोलायचा. "आणि या आपल्या आत्याबाई. लग्नात मानपान नीट झाला नाही, तेव्हापासून तोंड फिरवून बसल्यात." जॅकेटं ऐकून घ्यायची. एकदा मागून बारीक शीळ आली. दुसऱ्या होडीचा नावाडी, ज्याला शिट्टी म्हणत, दारात उभा होता. शिट्टी बोलायचा कमी, वल्हवताना शीळ घालायचा. त्याने आत्याबाईंसाठी एक छोटीशी लांबट शीळ वाजवली आणि निघून गेला. चांगली होती की वाईट, ते कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मॅडमनी आधी माईकचा नंबर लावला. पण त्यांची अट होती: रोजची जोडी नको, नाहीतर कुणाचं काम कुणामुळे होतंय हे समजत नाही. म्हणून वल्ह्यावर शिट्टी बसला. पाठमोऱ्याला त्या म्हणाल्या, तुम्ही आमच्यात बसा, बघा. तो आपलं जुनं जॅकेट घालून प्रवाशांत बसला. शेजारी मॅडम, आजूबाजूला हौशी पाहुणे.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरोवर त्याच्या समोरून आलं. एरवी ते त्याच्यापासून लांब लांब जायचं. काठ लहान होत जायचा, मग कडा लहान व्हायचा. आज कडा मोठा होत होत अंगावर आला. आत्याबाईंना खरंच नाक होतं. त्याला तोवर ते माहीतच नव्हतं.

आणि माईक बोलायला लागला. तेच शब्द. पण शब्दांबरोबर त्याचे हात चालत होते, भुवया चालत होत्या. "मानपान नीट झाला नाही" म्हणताना त्याने नुसता खांदा असा उडवला की मॅडम खो-खो हसल्या. पाठमोऱ्याच्याही तोंडातून हसू निसटलं, हजारदा ऐकलेल्या वाक्याला. ते त्याने खोकल्यात लपवलं, पण आत काहीतरी खचलं. जे भाषण त्याने पाठ केलं होतं ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं त्याच्या पाठीमागे चालायचं, आणि ते कानांनी चोरता येण्यासारखं नव्हतं. त्याला मेहुण्याचा इतका हेवा आजवर कधी वाटला नव्हता. त्याला ते हात हवे होते. ते खांदे हवे होते. निदान त्या भुवया तरी.

मग उकळी आली.

वास आला, पाणी खदखदलं, होडीचं अंग शहारलं. माईक वाक्याच्या मध्येच थांबला. आता कळेल, असं मनाशी म्हणून पाठमोरा पुढे सरकला. डोळे मिटायचे नाहीत हे त्याने ठरवलं होतं.

नक्कल नव्हती. माईकचा उजवा हात, न बघता, सवयीने खाली गेला, नावाड्याच्या मानेमागे, आणि काहीतरी शोधायला लागला. शिट्टीचं जॅकेट नवीन होतं. त्याला मानेमागे पट्टाच नव्हता. हात हवेत दोनदा मिटला आणि उघडला. माईकने खाली पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. पाय दुमडून तो होडीच्या टोकाशी बसला, दोन्ही बाजूंच्या कडा गच्च धरून. ज्या तोंडातून दिवसभर ज्वालामुखी फुटायचे, त्यातून शब्द फुटेना.

पाठमोऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या मानेमागे गेला. पट्टा तिथे होता. परवाच शिवलेला, दुहेरी दोऱ्याने. खुंटीला त्याने उगाच शिव्या दिल्या होत्या. रोज उकळीपाशी जॅकेट जरासं मागे ओढल्यासारखं व्हायचं, ते त्याला आठवलं. वल्हवताना अंगावरचं काही ना काही ओढलं जातंच, म्हणून त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. आणि बायकोला माहीत होतं. ती एकाच जागी इतक्यांदा टाके घालत होती, आणि काही बोलत नव्हती, ती दोघांसाठी.

हे सगळं समजल्यावर त्याला कीव आली असती तर बरं झालं असतं. पण आधी जे आलं ते निराळंच होतं. बोल की आता, असं मनात आलं. बोल, मॅडम ऐकतायत. ते सुख बऱ्यापैकी गोड होतं आणि फारच थोडा वेळ टिकलं. कारण होडीतले सगळे माईककडे झेपावले होते. एक पाहुणी पाण्याची बाटली पुढे करत होती, एक आजोबा खोल श्वास घ्यायला सांगत होते, मॅडम स्वतः वाकून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून होत्या. पाठमोऱ्याकडे कुणी बघत नव्हतं. हा माणूस बोलला तरी सगळे त्याच्याकडे, न बोलला तरी त्याच्याकडेच. आता यापुढे करायचं तरी काय?

तो उठला. "शिट्टी, सरक," म्हणाला. शिट्टीने वल्ही सोडली आणि शीळ न घालता बाजूला झाला. पाठमोरा आपल्या जागी बसला, मेहुण्याकडे पाठ करून. वल्ही हातात घेतली. होडीचं थरथरणं त्याच्या तळहातांत ओळखीचं होऊन बसलं.

"धर," तो म्हणाला. "नवा शिवलाय."

 मग मानेशी तो जरासा ओढा जाणवला. आज तो चांगलाच जोरात होता.

"किती दिवस चाललंय हे?" त्याने वल्ही ओढत विचारलं. आवाज हळू, पण होडीत ऐकू न येण्याइतकी जागा नसते.

"पहिल्या फेरीपासून, भावोजी." माईकचा आवाज अजून घोगरा होता. "लहानपणी पाण्यात पडलो होतो. ताईने ओढून काढलं. तेव्हापासून पायाखाली पाणी हललं की संपलो."

"मग लोक काय हसायचे?"

"मी बोट ओठावर ठेवायचो. पट्टा धरलेला हात दाखवायचो, आणि खूण करायचो की यांना सांगू नका. त्यांना वाटायचं गंमत करतोय. गंमत केली की कुणी विचारत नाही."

"मला सांगायचं."

"तुमची पाठ होती म्हणून धरवलं," मेहुणा म्हणाला. "तोंड समोर असतं तर नसतं धरलं. तुम्ही असे बघता ना, भावोजी, की माणूस बुडालेला परवडला."

मॅडमना हसू आवरेना. मग आजोबा हसले, मग सगळेच. नजरा त्याच्या गळ्याशी होत्या, नेहमीसारख्या. पाठमोरा हसला नाही. पण त्याने वल्ही जरा लांब ओढली, आणि होडी उकळीतून बाहेर पडली. बाहेर पडताच मागून आवाज पूर्ववत फुटला: "तर मंडळी, हा डोंगर किती वर्षं गप्प बसला होता आणि शेवटी काय विचारून फुटला, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत."

काठावर मॅडमनी पाठमोऱ्याला बाजूला घेतलं. पाणी सांभाळणारा कोण, ते त्यांना दिसलं होतं. त्याची फेरी घ्यायचीही गरज नाही, त्या म्हणाल्या. बोलणं सरावाने जमेल. इंजिनाची बोट तुम्ही घ्या. मेहुण्यांना पाण्यावर पाठवणं बरोबर नाही, त्यांना तिकीटखिडकीत बसवू. सुरक्षित काम आहे, सावलीही आहे.

म्हणजे जे जे हवं होतं ते सगळं. समोर तोंड, हातात सुकाणू, आणि मेहुणा खिडकीच्या आत. पाठमोऱ्याने उद्या सांगतो म्हटलं.

घरी बायकोला सांगितलं. ती भांडी विसळत राहिली. पण भांड्यांचा आवाज जरा जास्त होत होता. मुलीने विचारलं, मग आत्याबाई तुम्ही दाखवणार? तो म्हणाला, हो. "करून दाखवा," ती म्हणाली. त्याने खांदा उडवून पाहिला. मुलीने जवळ येऊन विचारलं, "बाबा, खांदा दुखतोय का?"

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला आणि नको म्हणाला. मॅडमना नवल वाटलं. त्यांनी कारण विचारलं. त्यांना वाटलं असणार, नात्याचं काही सांगेल.

"मॅडम, तो खिडकीत बसला तर काय होईल?" पाठमोरा म्हणाला. "प्रत्येक माणूस आधी त्याला भेटेल. तिकीट देता देता तो सगळी गोष्ट सांगून टाकेल. माझ्या बोटीत येतील तेव्हा हसून दमलेले असतील. मी बोलायला लागलो की म्हणतील, हे त्या खिडकीतल्याने चांगलं सांगितलं होतं. नको. त्याला माझ्या मागेच ठेवा. तिथे निदान मला दिसत तरी नाही."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. हे तो खरोखर मनापासून बोलतोय की नाही, ते त्यांना ठरवता आलं नाही. त्यालाही आलं नसतं.

इंजिनाची बोट शिट्टीला मिळाली. बायकोने पट्ट्याला आतून जाड कापडाची पट्टी लावली आणि आडवेतिडवे टाके घातले. आता तो पुरेल, म्हणाली, त्याने दोन्ही हातांनी धरला तरी. नाव मात्र बदललं नाही. मुलीची नक्कल तेवढी बदलली. आता ती स्टुलावर बाबा होऊन बसते आणि मागे एक हात नेऊन स्वतःची कॉलर स्वतःच ओढते.

पाहुण्यांची गर्दी असते तेव्हा दोन्ही बोटी एकदमच पाण्यावर असतात. शिट्टी समोर तोंड करून, गॉगल लावून, शेजारून निघून जातो. त्याच्या लाटेने जुनी होडी हेलकावते, आणि उकळी लांब असली तरी पाठमोऱ्याच्या मानेशी ओढा बसतो. शिट्टीच्या कर्ण्यातून आत्याबाई ऐकू येतात, मानपानासकट. लोकांच्या डोक्यांची मागची बाजू शिट्टीकडे असते, पण नवी बोट, गार वारा, वेग, सगळं त्याचंच.

"भावोजी," मागून दबलेला आवाज येतो, "चोर आहे तो. माझं अख्खं वाक्य उचललंय त्याने."

"अख्खं कुठलं," पाठमोरा वल्ही ओढत म्हणतो. "हात सुकाणूवर आहेत त्याचे. अर्धंच उचललंय."

"तरीपण."

"तरीपण आहेच," तो म्हणतो, आणि दोघंही शिट्टीच्या बोटीकडे बघत राहतात, एक वल्ही न सोडता आणि एक पट्टा न सोडता.